पडलेल्या विटा माझ्याकडे आहेत: आमच्या गावच्या कौन्सिलला खुलं पत्र

नियोजन समितीच्या सन्माननीय सभासदांना,

स. न. वि. वि.

हाय स्ट्रीटच्या चर्चकडच्या टोकाला लाल विटांच्या चार इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. त्यातल्या पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षं मी तिथे पँटी आखूड करते, झिपा बदलते, लग्नाचे गाऊन अंगासरशी करून देते. माझ्या पलीकडच्या तिन्ही इमारती सहा वर्षांपासून बंद आहेत. जतन करायच्या ऐतिहासिक वास्तूंची जी सरकारी सूची असते, तिच्यात या चारही इमारती ग्रेड टू म्हणून, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत, आहेत.

गेल्या फेब्रुवारीत ओळीने तीन रात्री पाणी गोठेल अशी थंडी पडली. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आले तेव्हा मधल्या इमारतीच्या छपराच्या कडेच्या कठड्याच्या विटा फुटपाथवर पडलेल्या होत्या. सव्वासात वाजले होते. साडेआठला त्याच फुटपाथवरून शाळेची मुलं जातात. मी लगेच तुमच्या कार्यालयाला कळवलं आणि दुपारपर्यंत तुमची माणसं लोखंडी जाळ्या घेऊन आली, फुटपाथ बंद करून गेली. त्या तत्परतेबद्दल मी आभारी आहे. पण आज ऑक्टोबर उजाडला तरी जाळ्या तिथेच आहेत आणि गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण ठरवलंत की मालकाशी बोलणी चालू असल्यामुळे तूर्त काही कारवाई करायची नाही. मी मागच्या रांगेत बसून ते ऐकलं. या विषयाला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हे पत्र त्या निर्णयाबद्दल आहे. याची इंग्रजी प्रत मी कार्यालयात दिली आहे. मराठीत लिहून ते सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण या गावात आणि अशा कित्येक इंग्रज गावांत आता मराठी घरं आहेत. ही यांची वास्तू, यांचा इतिहास, आपण पाहुण्यांनी त्यात कशाला बोलायचं, असं म्हणून ती गप्प राहतात. मीही बरीच वर्षं गप्प होते.

आधी माझा संबंध काय ते सांगते. माझं दुकान आणि ती पहिली रिकामी इमारत यांच्यामध्ये एकच सामाईक भिंत आहे. पलीकडची पन्हळ तुटली, तिच्यात बडलियाचं झुडूप उगवलं. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो, तसंच ते. पन्हळीचं पाणी बिडाच्या पाइपात न जाता भिंतीवरून उतरायला लागलं. दोन हिवाळ्यांत ओल माझ्या बाजूला आली. आधी गिलाव्यावर पांढरा लोणा फुलला, मग गिलावाच सुटायला लागला. आता त्या भिंतीला लागून मी कापड ठेवत नाही. एका मुलीचा लग्नाचा पोशाख ओलीचा डाग पडून खराब झाला, तो मी पदरच्या पैशांनी नवा करून दिला. दुकानाचा पाव भाग वापरातून गेला आहे. भाडं पूर्ण जागेचंच भरते.

भिंती मला लहानपणापासून कळतात असं नाही. साताऱ्याला आजोबांचा वाडा होता, दगडी जोत्यावर चपट्या विटा आणि घाणीत मळलेला चुना. मी कॉलेजात असताना तो पाडला आणि तिथे चार मजली इमारत झाली. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, खरं तर नव्या न्हाणीघराचा आनंदच झाला होता. भिंतीकडे बघायला मी इथे शिकले, ओल आल्यानंतर, एका म्हाताऱ्या गवंड्याकडून. तो फक्त जुन्या इमारतींची चुन्याची कामं करतो. त्याने मला शिडीवर चढवून दाखवलं ते तुमच्यापैकी कितीजणांनी जवळून पाहिलंय मला माहीत नाही, म्हणून सांगते.

मधल्या इमारतीचा पुढचा भाग अठराव्या शतकातला आहे, पण पोटमाळ्यात जाऊन पाहिलं तर मागे त्याहून जुन्या लाकडी घराचा ओकचा सांगाडा आहे. त्या काळात इंग्लंडभर बाजाराच्या गावांत लोकांनी हे केलं. जुन्या लाकडी घराला समोरून विटांची नवी भिंत दिली, म्हणजे रस्त्यावरून घर नव्या चालीचं दिसेल आणि आगीचं भयही थोडं कमी होईल. त्या भिंतीत प्रत्येक थरात एक वीट लांबीने आणि तिच्या शेजारची डोक्याने बसवली आहे. याला फ्लेमिश बाँड म्हणतात. डोक्याने बसवलेल्या विटा भट्टीत आगीच्या जवळ ठेवलेल्या, त्यामुळे त्या निळसर काळ्या झाल्या आहेत. उन्हं तिरपी आली की सगळ्या भिंतीवर लाल आणि निळ्याची चौकटी दिसते. मी कापडाच्या धंद्यातली, मला ती इरकलीच्या चौकड्यासारखी वाटते. खिडक्यांवरच्या कमानीतल्या विटा मऊ मातीच्या आहेत. त्या भाजून झाल्यावर घासून घासून पाचरीच्या आकाराच्या केल्या आहेत आणि दोन विटांमधली चुन्याची रेघ जाड दोऱ्याएवढी आहे. ज्यांच्या हातची शिवण सरळ येते त्यांनाच कळेल हे किती अवघड आहे. शेवटच्या इमारतीच्या विटा इतरांपेक्षा जाड आहेत. 1784 मध्ये विटांवर हजारी कर बसला. तो विटांच्या संख्येवर होता, म्हणून मोठ्या विटा पाडायची टूम निघाली. कर 1850 मध्ये उठला. ती जाड वीट त्या करातून आली असावी, असं गवंड्याचं मत आहे.

चुन्याचंही सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथेच अडलाय. जुनी वीट मऊ असते, पाणी पिते. दरजांमधला चुना तिच्याहून मऊ, म्हणून भिंतीतलं पाणी दरजांतून बाहेर पडून सुकतं. मागे कधीतरी कुणीतरी मधल्या इमारतीच्या दरजा सिमेंटने भरल्या. सिमेंट पाणी सोडत नाही. मग पाणी विटेतच राहतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड खपलीसारखं सुटून येतं. कठड्याला दोन्ही बाजूंनी पाऊस लागतो, म्हणून तो आधी गेला. पुढचा नंबर दुसऱ्या मजल्याच्या कमानींचा आहे. चुन्याचं काम पाच अंशांच्या खाली करता येत नाही, ओला चुना गोठला तर मातीसारखा गळून पडतो. म्हणजे नोव्हेंबर मध्यापर्यंत काम झालं नाही तर ते एप्रिलवर गेलं आणि भिंतीने आणखी एक हिवाळा उघड्यावर काढला. तूर्त काही करायचं नाही, या तुमच्या ठरावाचा भिंतीच्या दृष्टीने अर्थ हा आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. तुमच्याकडे अधिकार आहेत आणि तुम्ही ते वापरत नाही. बैठकीत एका सभासदांनी सांगितलं की इमारत खाजगी आहे, मालकाला दुरुस्ती करायला कायदा भाग पाडत नाही. त्यातला अर्धा भाग खरा आहे. सूचीतली इमारत नीट राखलीच पाहिजे असं बंधन इंग्लंडच्या कायद्यात मालकावर थेट नाही. म्हणूनच तर संसदेने तो अधिकार तुम्हाला दिला. सूचीबद्ध इमारतींच्या 1990 च्या कायद्याचं 54 वं कलम सांगतं की मालकाला सात दिवसांची लेखी नोटीस देऊन कौन्सिल तातडीचं काम स्वतः करू शकते: तात्पुरता टेकू, आडोसा, ताडपत्री, पन्हळीची दुरुस्ती. 55 वं कलम सांगतं की तो खर्च मालकाकडून वसूल करता येतो. 48 व्या कलमाखाली पूर्ण दुरुस्तीची नोटीस देता येते आणि दोन महिन्यांत मालकाने हालचाल केली नाही तर इमारत सक्तीने विकत घेण्याची प्रक्रिया सुरू करता येते. मालकाने मुद्दाम इमारत पडू दिली असेल तर भरपाई किमान ठरवण्याचीही तरतूद आहे. मी शिवणकाम करणारी बाई, हे सगळं मी गावच्या वाचनालयात बसून वाचलं. तुमच्याकडे वकील आहेत.

दुसरी तक्रार मला सांगतानाही त्रास होतो, कारण ती माझ्या मनाला लागलेली आहे. आठ वर्षांपूर्वी मी दुकानाची पाटी बदलायला निघाले. तुमच्या अधिकाऱ्यांनी मला प्लास्टिकची पाटी लावू दिली नाही, लाकडीच हवी, अक्षरं रंगवलेली हवीत, रंग चार छटांपैकी एक हवा. मागच्या खिडकीला दुहेरी काच नाकारली. परवानगीला चार महिने लागले. मी सगळं ऐकलं आणि आज म्हणते की ते बरोबर होतं. रंगवलेली पाटी त्या भिंतीला शोभते. सूचीतल्या इमारतीत विनापरवाना फेरफार करणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, हेही मला तेव्हा पत्रात कळवलं होतं. माझ्या एका पाटीसाठी कायद्याची एवढी आठवण ठेवलीत. मग शेजारी छप्पर उघडं पडलं, विटा रस्त्यावर आल्या, तिथे त्याच कायद्याची एकही नोटीस सहा वर्षांत का निघाली नाही? जो भाडेकरू रोज दार उघडतो त्याला नियम आणि जो मालक दूर राहून पत्राला उत्तर देत नाही त्याला बोलणी, असं का?

तिसरी तक्रार बोलणी या शब्दाची. कधी झाली, कितीदा झाली, काय ठरलं, कुठेच लिहिलेलं नाही. मी तीन वेळा विचारलं.

चौथी, जाळ्यांची. त्यांच्यामुळे बाबागाडी आणि चाकाची खुर्ची घेऊन जाणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. बस तिथेच वळते. आठ महिन्यांत कुणाला काही झालं नाही, यात तुमचा काहीही हात नाही.

पाचवी तक्रार सर्वस्वी तुमची नाही, पण तुम्ही ती वर पोचवू शकता. साधं दुकान रिकामं ठेवलं तर तीन महिन्यांनंतर मालकाला बिझनेस रेट, म्हणजे व्यवसायाच्या जागेवरचा कर, भरावा लागतो. सूचीतली इमारत मात्र रिकामी असली तर ती पुन्हा वापरात येईपर्यंत माफी मिळते. हेतू चांगला असेल, मालकाने तो पैसा दुरुस्तीला लावावा असा असेल. आमच्या रस्त्यावर त्याचा परिणाम उलटा झाला आहे, इमारत बंद ठेवायला काही पडतच नाही. शिवाय दुरुस्तीवर 20 टक्के व्हॅट आहे, नवीन घर बांधलं तर शून्य. 2012 पर्यंत सूचीतल्या इमारतींच्या मंजूर बदलांना तरी व्हॅटची सूट होती, तीही गेली. मालकावरचा हा भार मला दिसतो. तो दूर करायला खासदारांकडे आणि सरकारकडे लिहा, मी सही करीन. पण तोवर पन्हळ तुटलेली राहू द्यायची, हे मला मान्य नाही.

एक गोष्ट मला बैठकीनंतर बाहेर, पायरीवर ऐकवली गेली. या तीन इमारतींत असं काय मोठं आहे, ग्रेड टू तर देशात लाखो आहेत. खरं आहे, सूचीतल्या दहातल्या नऊहून अधिक नोंदी ग्रेड टूच्या आहेत. आणि म्हणूनच त्या उघड्यावर आहेत. हिस्टॉरिक इंग्लंड ही वारसा जपणारी सरकारी संस्था दरवर्षी धोक्यात असलेल्या वास्तूंची यादी काढते, तिच्यात लंडनबाहेरच्या ग्रेड टू इमारती, प्रार्थनास्थळं सोडली तर, घेतल्या जात नाहीत. आमच्या इमारतींकडे लंडनहून कुणी बघणार नाही. त्यांना तुमच्याशिवाय कुणी नाही. फार्नहॅमचं विल्मर हाउस 1718 चं, ग्रेड वन, विटांवरच्या कोरीव कामासाठी लोक ते बघायला दुरून येतात. आमच्या रस्त्यावर तसलं काही नाही. इथे आहे तो सलग रस्ता. चार घरांची एक ओळ, एकीचा कठडा दुसरीला टेकलेला. मधलं एक गेलं की माझी भिंतही उघडी पडेल.

डॉर्सेटमधलं ब्लँडफोर्ड फोरम तुम्हाला ठाऊक असेलच. 1731 च्या जूनमध्ये आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. संसदेने खास कायदा केला, नवी घरं विटांची आणि कौलांची बांधायची आणि चार वर्षांच्या आत काम सुरू करायचं. जॉन आणि विल्यम बॅस्टर्ड या दोघा भावांनी गाव उभं केलं, आज ते इंग्लंडमधल्या सर्वांत अखंड राहिलेल्या जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीच्या, गावांपैकी एक आहे. राखेत बसलेल्या माणसांनासुद्धा मुदत घालून दिली होती. आमच्या मालकाला मुदतच नाही.

आणि अधिकार वापरला तर काय होतं तेही दिसलेलं आहे. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न हा विटांचा पब 2015 मध्ये मालकाने परवानगीशिवाय पाडला. तो तेव्हा सूचीत नव्हता, फक्त विचाराधीन होता. तिथल्या कौन्सिलने तो होता तसा परत बांधायला लावला आणि 2021 मध्ये तो पुन्हा उघडला. रहिवासी मागे लागले होते, कौन्सिल मागे हटली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

या महिन्यातच 54 व्या कलमाखाली नोटीस काढा. पन्हळ, छपरावर तात्पुरतं आच्छादन, झुडूप मुळासकट काढणं आणि कठड्याच्या सैल विटा नंबर घालून उतरवून ठेवणं, एवढंच काम त्यात असलं तरी हिवाळा निभेल. काम चुन्याचं जाणणाऱ्या गवंड्याकडून व्हावं, सिमेंट नको. जानेवारीअखेर मालकाने पूर्ण दुरुस्तीचा आराखडा दिला नाही तर 48 व्या कलमाखाली नोटीस द्या, आणि तसं देणार हे आत्ताच जाहीर करा. सहा वर्षांतल्या बोलण्यांच्या तारखा लोकांसमोर ठेवा. जाळ्यांच्या बाहेरून तात्पुरता फुटपाथ आखून द्या, हे तर आठवड्यात होईल.

आणखी एक. 2 डिसेंबर 2024 पासून कौन्सिलांना नवा अधिकार मिळाला आहे. वर्षभराहून जास्त रिकाम्या असलेल्या हाय स्ट्रीटवरच्या जागेचा भाडेपट्टा लिलावाने देता येतो, एक ते पाच वर्षांसाठी. त्यासाठी आधी आपला रस्ता तुम्ही तसा घोषित करायला हवा. करा. इथे जागा मागणारी माणसं आहेत. पोळीभाजीचे डबे करणाऱ्या दोघी माझ्याकडे दर महिन्याला विचारतात. सायकल दुरुस्तीवाला मुलगा आईच्या गॅरेजमध्ये काम करतो.

आता थोडं माझ्या मराठी वाचकांशी. तुम्ही भारतीय नागरिक असलात आणि इथे कायदेशीर वास्तव्य असलं तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून स्थानिक निवडणुकीत तुम्हाला मत आहे. कित्येकांनी नावच नोंदवलेलं नाही. बांधकामाच्या आणि सूचीतल्या इमारतींच्या कोणत्याही अर्जावर हरकत किंवा पाठिंबा कुणीही लिहू शकतो, त्याला पासपोर्ट कोणता ते विचारत नाहीत. लंडनला किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर आठवा. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते विकत घेतलं. संग्रहालय म्हणून वापरायला तिथल्या कौन्सिलने परवानगी नाकारली होती, अपिलात गेल्यावर 2020 मध्ये ती मिळाली. बाहेरून बघाल तर ते रांगेतलं एक साधं घर आहे. परवानगी नाकारल्यावरही आपल्या लोकांनी तो विषय सोडून दिला नाही. माझ्या रस्त्यावरच्या घरांत कोण राहून गेलं मला माहीत नाही. मधल्या घराच्या जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी चाकूने ए आणि डब्ल्यू कोरलंय, एवढंच मी पाहिलं आहे.

सभासदहो, समितीची पुढची बैठक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. मी बोलण्यासाठी नाव दिलं आहे. नियमाप्रमाणे मला तीन मिनिटं मिळतील. या पत्राचं उत्तर त्याआधी आलं तर ती तीन मिनिटं मी दुसऱ्या कुणाला देईन.

राहिल्या विटा. फेब्रुवारीत पडलेल्या विटा सफाईच्या गाडीत जाऊ नयेत म्हणून मी तुमच्या अधिकाऱ्याला सांगून आत आणून ठेवल्या. 41 आहेत, त्यातल्या 29 अखंड, पाच निळसर डोक्याच्या. एकीवर ओल्या मातीत कुत्र्याचा पाय उमटलेला आहे. कापायच्या टेबलाखाली, कोरड्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळून रचल्या आहेत. त्या मालकाच्या आहेत, मला ठेवून घ्यायच्या नाहीत. कठडा बांधायला गवंडी येईल त्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठवा. दुकान सोमवार सोडून रोज नऊ ते साडेपाच उघडं असतं.

आपली,
हाय स्ट्रीटवरची शिवणकामवाली